लेव्हल दोन

कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत
सायलेन्सर टांगलेत मांडवावरच्या पडवळांसारखे.
निशिगंधा पाचवं जॅकेट चढवते, आरशात वळते.
“आई, कसं दिसतं?”
कसं दिसतं ते मला कळत नाही गं.
चोवीस वर्षं महापालिकेच्या इस्पितळात एक्स-रे काढतेय,
माणूस मला कपड्यांशिवाय, कातडीशिवाय दिसतो,
आणि सोमवारी सकाळी तर
बहुतेक डाव्या खांद्यापासून सुरू होतो.

अश्फाक म्हणतो, बघा मॅडम, फोम किती जाड.
मी चिमटीत धरून अंगठा दाबला.
पार पलीकडच्या बोटाला जाऊन भेटला.
हे सोफ्यात भर, म्हटलं, बाबा,
माझी पोरगी पहाटे चारला जेव्हीएलआरवरून जाते,
गोरेगावला, शूटिंगचा आवाज धरायला.
जाड म्हणजे भक्कम नव्हे.
भाकरीही जाड असते, कच्ची राहिलेली.

मग काउंटरखालून त्याने दुसरं काढलं,
नारिंगी, भोकाभोकांचं, खरवसासारखं लिबलिबीत.
हळू दाबलं तर बोट आत जातं.
मूठ आपटली की दगड.
मी आपटली. अश्फाक हसला. मी पुन्हा आपटली.
ओळखीचं वाटलं काहीतरी,
माझ्या सासूबाई अशाच होत्या.

उलटं करून शिक्का वाचला, चष्मा कपाळावर सारून:
एवढंसं मोटारसायकलवाल्याचं चित्र, शेजारी आकडा. दोन.
एकचं पॅड जेवढा धक्का आत येऊ देतं
त्याच्या निम्माच दोनचं येऊ देतं, असं अश्फाक म्हणाला.
निम्मा.
निम्म्यात काय काय मावतं ते मला विचारा:
एका फिल्मवर केसाएवढी चीर,
दुसरीवर सात तुकडे, आणि मागे
बाकावर बसलेली बायको विचारते, साधंच आहे ना?

पाठीचा खिसा चाचपला.
आत नुसता स्पंज, आकार तेवढा पाठीचा.
“कंपनीकडून असंच येतं, मॅडम.”
म्हणजे कणा ज्याचा त्याने आणायचा.
घेतला. वेगळे पैसे.
पँटच्या कंबरेचे दोन्हीही घेतले.
ती म्हणाली, आई, त्यात मी जाडी दिसेन.
दिस.

मग म्हटलं, हात पुढे कर, हँडल धरल्यासारखे.
बाही सैल, पॅड सरकून दंडाखाली,
कोपर एका गावाला, राखणदार दुसऱ्या.
एक नंबर लहान घेतलं.
श्वास घ्या, धरा, सोडा, असं तोंडून गेलं सवयीने,
आणि तिने खरंच धरला.
चेन लागली.

हे जानेवारीतलं.

मे महिन्यात चादरी ठेवायला कपाट उघडलं
तर घडीत सातही जण निवांत झोपलेले,
खांदे, कोपरं, कंबर, पाठ.
म्हणजे गेले कित्येक दिवस ती
रिकामे खिसे अंगावर घालून जात होती.
मी धुमसत बसले संध्याकाळपर्यंत.
काय काय बोलायचं ते ओळीने ठरवलं.
मग आठवलं,
शिशाचा एप्रन मीही ठेवते खुंटीवर,
एकच तर फिल्म आहे म्हणून,
उकडतंय म्हणून,
किती वेळा, ते कुणी विचारू नये.

ती आली, जेवली, दिवा मालवला.
मी काही बोलले नाही.
स्वयंपाकघरात बसून एकेक पॅड खिशात सरकवलं.
डावं-उजवं लिहिलेलं नसतं त्यावर,
वाक बघून ओळखावं लागतं, लहान मुलाच्या चपलेसारखं.
शेवटी पाठ.
मग जॅकेट मीच घातलं. आवळ झालं.
आरशाकडे गेले नाही.
ओट्याच्या कडप्प्यावर कोपर आपटलं, जोरात.
चहाची भांडी हलली.
“आई, काय पडलं?” आतून आवाज.
“काही नाही,” म्हटलं,
आणि दुसरं आपटलं.